लढाईतून मिळणारे चलन: ठाणे आणि नवी मुंबईतील पोकेमॉन खेळाडूंसाठी सविस्तर मार्गदर्शक

प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि त्यांच्या लढती लावायच्या, अशा धाटणीच्या खेळांत बहुतेकांचे लक्ष पकडण्यावर असते. लढाईतून हाती येणाऱ्या चलनाचा हिशेब मात्र फार थोडे जण ठेवतात. परिणामी, दोन-तीन वर्षे नियमित खेळणाऱ्यांकडेही ऐन गरजेच्या वेळी नाणी नसतात, प्राण्याची ताकद वाढवायला धूळ पुरत नाही, आणि मग खिशातले खरे पैसे खर्च करण्याचा मोह होतो. या खेळांतील जवळजवळ प्रत्येक लढाऊ चलनाला दिवसाची, वेळेची किंवा सलग विजयांची काही ना काही अट असते. ती अट नीट समजून घेऊन आपली रोजची ये-जा तिच्याशी जुळवली, तर त्याच मेहनतीत कितीतरी अधिक पदरात पडते. पुढील विवेचन प्रामुख्याने ‘पोकेमॉन गो’बद्दल आहे, कारण ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला चालता-फिरता खेळता येईल असा या प्रकारातला सर्वांत परिचित खेळ हाच आहे. शेवटी याच मालिकेच्या हातातल्या यंत्रांवरील खेळांत मिळणाऱ्या ‘बॅटल पॉइंट’चाही विचार केला आहे.

‘पोकेमॉन गो’ जुलै २०१६ मध्ये काही देशांत आला आणि भारतात तो अधिकृतपणे १४ डिसेंबर २०१६ रोजी, रिलायन्स जिओच्या सहकार्याने सुरू झाला. जिमची, म्हणजे खऱ्या नकाशावरील ठराविक ठिकाणी असलेल्या खेळातील आखाड्यांची, आजची रचना मात्र जून २०१७ पासूनची आहे. त्याआधी लिहिलेले सल्ले आजही फिरत असतात. ते बाजूला ठेवावेत, कारण नाणी मिळण्याची पद्धत त्या वेळी मुळापासून बदलली.

आधी चलने ओळखून घ्या

पोकेकॉइन हे दुकानातले नाणे. ते मिळवण्याचा मुख्य विनामूल्य मार्ग म्हणजे जिममध्ये आपला प्राणी राखणदार म्हणून बसवणे. स्टारडस्ट ही ताकद वाढवण्यासाठी लागणारी धूळ. ती पकडण्यातून मिळते तशीच लढाईतूनही मिळते, आणि ती नाण्यांनी थेट विकत घेता येत नाही. म्हणूनच अनुभवी खेळाडू नाण्यांपेक्षा धुळीला जपतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तिसरा गट रेडमधून, म्हणजे जिमवर अवतरणाऱ्या बलाढ्य प्राण्याशी खेळाडूंनी मिळून केलेल्या लढतीतून, मिळणाऱ्या वस्तूंचा: रेअर कँडी, चाल बदलणारे टीएम, सोनेरी रॅझ बेरी. या वस्तूंना चलन म्हणावे की नाही, असा प्रश्न कोणी काढेल; पण रेअर कँडी कोणत्याही प्राण्याच्या कँडीत (त्या प्राण्याला वाढवायला लागणाऱ्या गोळ्यांत) बदलता येत असल्याने व्यवहारात ती चलनासारखीच वापरली जाते.

जिममध्ये उतरण्यासाठी खेळाडूची पातळी किमान ५ असावी लागते. त्या टप्प्यावर मिस्टिक, व्हॅलर आणि इन्स्टिंक्ट या तीन संघांपैकी एक निवडावा लागतो. निवड करण्याआधी आपल्या इमारतीत, महाविद्यालयात किंवा कार्यालयात कोणता संघ जास्त आहे ते विचारून घ्यावे. नंतर संघ बदलता येतो, पण त्यासाठी १,००० पोकेकॉइनचे पदक घ्यावे लागते आणि ते ३६५ दिवसांतून एकदाच घेता येते.

नाण्यांचा हिशेब

संपूर्ण नियोजन ज्यावर उभे आहे तो हिशेब असा. जिममध्ये बसलेला प्राणी दर १० मिनिटांना १ नाणे, म्हणजे तासाला ६ नाणी कमावतो. एका दिवसात जास्तीत जास्त ५० नाणी मिळतात. म्हणजे ८ तास २० मिनिटे पूर्ण झाली की त्या दिवसाची मर्यादा भरते. परंतु ही नाणी प्राणी जिममध्ये असताना खात्यावर येत नाहीत. विरोधी संघाने त्याला हरवून बाहेर काढले आणि तो आपल्याकडे परतला, की मगच येतात, आणि ती परतण्याच्या दिवसाच्या खात्यात धरली जातात.

या एका अटीत सगळी मेख आहे. समजा आपण सकाळी साडेसात वाजता ठाणे स्थानकाजवळच्या जिममध्ये प्राणी बसवला आणि तो दुपारी एक वाजता बाहेर काढला गेला, तर ३३० मिनिटांची ३३ नाणी मिळतील. तोच प्राणी तीन दिवस तसाच बसून राहिला आणि चौथ्या दिवशी परतला, तर त्या दिवशी ५० च मिळतील. मधल्या तीन दिवसांचे काहीही मिळणार नाही. आणि वेगवेगळ्या जिममध्ये बसवलेले चार प्राणी एकाच संध्याकाळी परतले, तरी सगळ्यांचे मिळून ५० च. उलट एका दिवशी दोन प्राणी प्रत्येकी ४ तास १० मिनिटे बसून परतले तरीही ५० पूर्ण होतात. एका खेळाडूला एका वेळी २० जिममध्ये प्राणी ठेवता येतात. नव्या खेळाडूंना वाटते की वीसही जागा भरल्या म्हणजे उत्पन्न वाढेल, पण तसे होत नाही. आपल्याला रोज किमान एक प्राणी परत यायला हवा, आणि तो पुरेसा वेळ बसून यायला हवा. पुढचे सर्व टप्पे याच एका गोष्टीसाठी आहेत.

जिम निवडणे

ज्या जिममध्ये पाच मिनिटांत प्राणी उडवला जातो ती निरुपयोगी, आणि जिथे आठवडाभर कोणी फिरकत नाही तीही तितकीच निरुपयोगी. मंदिरे, पुतळे, उद्याने, वाचनालये अशा सार्वजनिक खुणांवर सहसा जिम आणि पोकेस्टॉप (चकती फिरवून वस्तू मिळवण्याची ठिकाणे) असतात. त्यामुळे मासुंदा तलावाचा परिसर, उपवन, वाशीचे सागर विहार, नेरूळचे वंडर्स पार्क, खारघरचे सेंट्रल पार्क अशा ठिकाणी नकाशा उघडून पाहण्यात वेळ फुकट जात नाही. नकाशावर जिमला स्पर्श केला की कोणत्या संघाचे किती प्राणी आत आहेत हे दिसते. आत बसलेल्या एखाद्या प्राण्यावर बोट ठेवले की तो किती वेळापासून आहे हेही कळते. ही शेवटची माहिती सर्वांत मोलाची आहे. आठवडाभर येता-जाता ती नुसती वाचत गेले, तरी आपल्या मार्गावरील प्रत्येक जिमची नाडी समजते.

नोकरदारांसाठी माझी शिफारस अशी: घराजवळची एक शांत जिम आणि स्थानकाजवळची किंवा बाजारपेठेतील एक वर्दळीची जिम अशी जोडी धरावी. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या मोठ्या संकुलात राहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, रबाळे किंवा तुर्भ्याला कामाला जाणाऱ्याने कार्यालयाच्या बाजूच्या जिममध्ये सकाळी प्राणी बसवावा. औद्योगिक पट्ट्यातील जिम दिवसभर तुलनेने शांत राहण्याची आणि सुट्टीच्या वेळी पुन्हा जागी होण्याची शक्यता अधिक असते, आणि नाण्यांच्या हिशेबाला अगदी हेच हवे असते. सायंकाळी घराजवळ दुसरा प्राणी बसवला, की पहिला परतला नाही तरी दुसऱ्या दिवसासाठी काहीतरी पेरलेले राहते.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. स्थानकाच्या पुलावर, जिन्यात किंवा फलाटाच्या कडेला थांबून लढू नये. गाडी चालवताना तर फोन खिशातून बाहेरच येऊ नये. पाम बीच मार्गावर आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर वाहनांचा वेग इतका असतो की एका नजरेचीही चूक परवडत नाही.

जिम जिंकणे

आपल्या संघाच्या जिममध्ये सहापैकी एखादी जागा रिकामी असेल, तर थेट प्राणी बसवता येतो. मात्र त्या जातीचा प्राणी आधीच तिथे नसावा. जिम विरोधी संघाची असेल, तर आधी लढावे लागते. प्रत्येक राखणदाराला उत्साहाची पातळी असते, आणि ती हृदयाच्या आकाराच्या चिन्हाने दिसते. एकदा हरल्यावर तो लगेच बाहेर जात नाही. त्याचा उत्साह घटतो, आणि पूर्ण उत्साहात असलेल्याला बाहेर काढण्यासाठी साधारण तीनदा हरवावे लागते. म्हणून सहा पूर्ण भरलेल्या हृदयांच्या जिमवर सकाळच्या घाईत हात टाकू नये. आधीच अर्धी रिकामी झालेली हृदये शोधावीत. तिथे औषधेही कमी खर्च होतात.

आपल्याला हमखास भेटणारी भिंत म्हणजे ब्लिसी. तिचे आयुष्य अफाट असते, त्यामुळे चुकीचा प्राणी उतरवला तर लढतीची वेळ संपते आणि ब्लिसी तशीच उभी राहते. ती नॉर्मल प्रकारची असल्याने लढाऊ प्रकारचा, म्हणजे फायटिंग प्रकारचा, प्राणी तिच्यावर सर्वांत प्रभावी ठरतो: ‘काउंटर’ ही जलद चाल आणि ‘डायनॅमिक पंच’ ही भारी चाल असलेला मॅचॅम्प हा सहज घडवता येणारा पर्याय, तर लुकारियो आणि कॉन्केलडर त्याहून सरस. परंतु ब्लिसीची जलद चाल कोणती आहे ते पहिल्या काही क्षणांत पाहून घ्यावे. ती ‘पाउंड’ असेल तर काळजी नाही; ती ‘झेन हेडबट’ असेल तर ती मानसिक प्रकारची चाल आहे आणि फायटिंग प्राण्याला १.६ पट झोंबते. तिची भारी चाल ‘डॅझलिंग ग्लीम’ असली तरी तोच धोका. विरोधी प्राणी भारी चाल टाकणार असल्याची सूचना पडद्यावर उमटते, आणि त्या क्षणी बोट डावीकडे किंवा उजवीकडे सरकवले की आपला प्राणी बाजूला होतो व मार कमी बसतो. सरावाने हे हाताला बसते. जलद चालींना चुकवण्याच्या नादी लागू नये; त्यात हल्ल्याचा वेळ वाया जातो. भारी चाल मात्र चुकवावीच, कारण त्यातून वाचलेल्या आयुष्याचा अर्थ एक औषध वाचले असा होतो.

हवामानाचाही उपयोग करून घ्यावा. खेळातील हवामान खऱ्या हवामानावरून ठरते, आणि जिम व रेडमध्ये अनुकूल प्रकाराच्या चालींचा मारा २० टक्क्यांनी वाढतो. ढगाळ हवेत फायटिंग प्रकाराला ही वाढ मिळते. जून ते सप्टेंबर या काळात ठाण्याच्या आकाशात ढगांची काही कमी नसते; पाऊस थांबून नुसते ढग राहिलेल्या अशा दुपारी ब्लिसीचा किल्ला नेहमीपेक्षा लवकर पडतो. अंशतः ढगाळ हवा मात्र नॉर्मल प्रकाराच्या बाजूची, म्हणून तेव्हा तिच्या नॉर्मल चालींना बळ मिळते.

बसवणे, टिकवणे आणि वेळेवर परत येणे

जिम रिकामी केली की लगेच प्राणी बसवावा, नाहीतर आयत्या बिळावर नागोबा व्हायला दुसरे कोणी टपलेले असते. लेजेंडरी आणि मिथिकल या खास दुर्मिळ गटांतले प्राणी बसवता येत नाहीत, आणि आपला सोबती म्हणून निवडलेलाही बसत नाही. ज्यांच्याकडे ब्लिसी किंवा स्नॉरलॅक्स आहे त्यांनी ते बसवावेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी भरपूर आयुष्य असलेला कोणताही प्राणी निवडावा. सीपी, म्हणजे प्राण्याच्या लढाऊ ताकदीचा आकडा, मोठा असला म्हणजे राखणदार चांगला, हा समज चुकीचा आहे. उत्साह आपोआपही घटत जातो, आणि ३,००० च्या पुढे सीपी असलेल्यांचा तो अधिक वेगाने घटतो. त्यामुळे मध्यम सीपीचा, पण चिवट प्राणी आठ-साडेआठ तासांच्या कामाला पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो.

बेरी खाऊ घातल्याने उत्साह वाढतो, आणि जिममध्ये आपला प्राणी असेल तर हे दुरूनही करता येते. सोनेरी रॅझ बेरी उत्साह पूर्ण भरते. परंतु ती रेडमधून कष्टाने मिळते आणि लेजेंडरी पकडताना तिची खरी गरज पडते, म्हणून जिमवर ती उधळू नये. साध्या नॅनाब आणि रॅझ बेऱ्या नाहीतरी पिशवीत साठून जागा अडवतात. त्या इथे खपवाव्यात. बेरी कधी द्यावी हेही ठरलेले असावे. प्राणी बसून सहा-सात तास झाले असतील आणि हल्ला सुरू झाला असेल, तर तेवढ्यापुरते टिकवण्यासाठी द्यावी. साडेआठ तास उलटून गेल्यावर बेरी देणे म्हणजे स्वतःच्याच नाण्यांना कुलूप लावणे.

परत येण्याचा प्रश्न हाच या सगळ्यात अवघड, आणि त्याचे उत्तर माणसांत आहे. परिसरातील नियमित खेळाडूंचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात. ते शोधून त्यात सामील व्हावे. चांगल्या गटांमध्ये एक अलिखित रिवाज पाळला जातो: समोरच्याचा प्राणी ८ तास २० मिनिटे पूर्ण होण्याआधी उडवायचा नाही, आणि पूर्ण झाल्यावर मात्र निःसंकोच उडवायचा. दोन विरोधी संघांतील शेजाऱ्यांनी हा रिवाज मनापासून पाळला तर दोघांनाही रोज ५० नाणी मिळतात. हे शत्रुत्व दोघांच्याही फायद्याचे आहे, आणि या खेळातील मला सर्वाधिक आवडणारी गोष्ट हीच आहे. मात्र स्वतःच दुसरे खाते उघडून आपलाच प्राणी बाहेर काढणे नियमबाह्य आहे. फोनचे ठिकाण खोटे दाखवणाऱ्यांवर तर टप्प्याटप्प्याने कारवाई होते: आधी इशारा, मग तात्पुरती बंदी आणि शेवटी खाते कायमचे बंद. वर्षानुवर्षे जमवलेले सारे त्यात जाते. असा मार्ग कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्यावा, आणि मुलांनाही हे नीट समजावून सांगावे.

आणखी एक बारकावा. दिवस स्थानिक वेळेनुसार मध्यरात्री बदलतो. आजची ५० नाणी मिळून गेली असतील आणि रात्री अकरा वाजता दुसरा प्राणी हल्ल्याखाली आला, तर त्याला तासभर बेरी देऊन धरून ठेवणे फायद्याचे असते, कारण बारानंतर तो परतला तर त्याची नाणी उद्याच्या खात्यात जातात. आजची मर्यादा भरलेली नसेल, तर त्याला जाऊ द्यावे.

नाणी कशावर खर्च करावीत

सुरुवातीची नाणी फक्त साठवणुकीची जागा वाढवण्यावर खर्च करावीत, असे माझे ठाम मत आहे. वस्तूंची पिशवी किंवा प्राण्यांची जागा ५० ने वाढवण्यास २०० नाणी लागतात, म्हणजे पूर्ण मर्यादेचे चार दिवस. ही वाढ कायमची असते. एकदा घेतली की ती रोज उपयोगी पडते. रेड किंवा बॅटल लीगसाठीचा (खेळाडूंच्या आपसातील लढतींच्या स्पर्धेसाठीचा) प्रीमियम पास १०० नाण्यांचा आहे, आणि हवी असलेली लेजेंडरी समोर असेल तर तो घेण्यात गैर नाही. दुरून रेड खेळण्याचा पास एप्रिल २०२३ पासून १९५ नाण्यांना मिळतो. जवळपास चार दिवसांची कमाई एका लढतीत जाते, हे पाहता तो अपवादानेच घ्यावा. चेंडू आणि औषधे मात्र नाण्यांनी कधीच विकत घेऊ नयेत. तलावपाळीला एक फेरी मारून वाटेतले पोकेस्टॉप फिरवले की ती फुकट मिळतात. मुले खेळत असतील तर फोनवरील खरेदीला पासवर्ड लावून ठेवावा, आणि त्यांना ही ५० नाण्यांची मर्यादा शिकवावी. काटकसरीचा हिशेब ती फार लवकर आत्मसात करतात.

धूळ: कमावणे आणि राखणे

बॅटल लीगमध्ये खेळाडूची पातळी १० झाल्यावर उतरता येते. तीन-तीन प्राण्यांच्या दोन संघांत ही लढत होते. ग्रेट लीगमध्ये प्रत्येक प्राण्याचा सीपी १,५०० च्या आत, अल्ट्रामध्ये २,५०० च्या आत असावा लागतो आणि मास्टरमध्ये मर्यादा नसते. सर्वसाधारण दिवशी पाच-पाच लढतींचे पाच संच, म्हणजे २५ लढती मिळतात, आणि एका संचात जितके विजय जास्त तितके बक्षीस वाढते. सर्व लढती खेळायला तास-दीड तास सहज जातो. रोज एवढा वेळ काढणे बहुतेकांना शक्य नसते, आणि तशी गरजही नाही. दोन-तीन संच मन लावून खेळणे हे पाच संच घाईघाईने उरकण्यापेक्षा लाभदायक ठरते. लोकलमध्ये मात्र ही लढत टाळावी. बोगदा, खाडीपूल किंवा गर्दीच्या स्थानकात नेटवर्क एक क्षण गेले तरी जिंकत आलेली लढत हातची जाते. घरच्या वाय-फायवर, जेवणानंतर बसून खेळावे.

ग्रेट लीगने सुरुवात करावी, कारण तिथे प्रवेशाचा खर्च सर्वांत कमी आहे. प्राण्याची दुसरी भारी चाल उघडायला सोबती म्हणून चालण्याच्या अंतरानुसार १०,०००, ५०,०००, ७५,००० किंवा १,००,००० धूळ लागते. प्रत्येक प्रदेशाचे सुरुवातीचे प्राणी १०,००० च्या गटात येतात, त्यामुळे मडकिपपासून घडवलेला स्वॅम्पर्टसारखा प्राणी नव्या खेळाडूला परवडतो. लेजेंडरीसाठी हाच खर्च दहापट होतो.

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक धूळ व्यर्थ जाते त्याकडे वळू. प्राण्याला पहिल्या पातळीपासून ४० पर्यंत नेण्यास २,७०,००० धूळ लागते, पण ती सारखी विभागलेली नाही. पहिल्या पातळीपासून २० पर्यंत ४५,०००, पुढे २० ते ३० साठी ७५,००० आणि ३० ते ४० साठी १,५०,०००. त्या बदल्यात मिळते काय, हेही पाहावे: २० ते ३० दरम्यान प्राण्याचे मूळ बळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढते, तर ३० ते ४० दरम्यान जेमतेम ८ टक्क्यांनी. दुप्पट खर्च आणि जवळपास तिसऱ्या हिश्श्याचा लाभ. म्हणून जिमसाठी आणि रेडसाठी सहा उपयुक्त प्राणी आधी ३० पर्यंत न्यावेत, आणि त्यानंतरच एखाद्या लाडक्याला ४० कडे न्यावे. एकट्या मॅचॅम्पवर सगळी धूळ ओतून बाकीचा संघ कच्चा ठेवणारे खेळाडू रेडमध्ये अडतात. देवाणघेवाणीतून लकी झालेल्या प्राण्याला निम्मीच धूळ लागते, त्यामुळे जुन्या मित्राशी अदलाबदल करून मिळालेला लकी प्राणी हा प्रथम पसंतीचा. शॅडो प्राण्याला (खेळातील टीम रॉकेट या खलनायकांकडून सोडवलेल्या) २० टक्के जादा धूळ लागते, पण त्याचा मारही २० टक्क्यांनी जास्त असतो. रेडसाठी तो खर्च योग्य, जिम राखण्यासाठी नाही.

लढाईच्या धुळीला पकडण्याच्या धुळीची जोड द्यावी. मूळ अवस्थेतील प्राणी पकडल्यास १००, दुसऱ्या अवस्थेतील ३०० आणि तिसऱ्या अवस्थेतील ५०० मिळते. अनुकूल हवामानात त्यात चौथा हिस्सा अधिक पडतो, म्हणजे १०० ऐवजी १२५. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी, विद्युत आणि कीटक प्रकारांना ही भर मिळते. पॅरास आणि श्रूमिश पकडल्यास ५००, तर ट्रबिश पकडल्यास ७५० धूळ मिळते, तेव्हा ते दिसले की सोडू नयेत. स्टार पीस अर्धा तास धूळ दीडपट करतो. मंगळवारी संध्याकाळी ६ ते ७ ही स्पॉटलाइट अवर असते, आणि तिचा फायदा कधी कधी पकडण्याच्या धुळीवर दुप्पट असतो. त्या आठवड्यासाठी स्टार पीस राखून ठेवावा.

रेडमधील बक्षिसे

रोज एका जिमची चकती फिरवली की एक पास फुकट मिळतो. तो त्या दिवशी वापरला नाही तर दुसऱ्या दिवशी वापरून, लगेच चकती फिरवून त्या दिवसाचाही घेता येतो. अशा रीतीने एका दिवसात दोन रेड साधतात. प्रत्येक रेड ४५ मिनिटे उघडी राहते. बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ या रेड अवरमध्ये जवळपासच्या बहुतेक जिमवर मोठ्या रेड असतात, पण नेमक्या त्याच वेळी ठाण्याकडे परतणारा नोकरदार लोकलमध्ये लटकत असतो. ज्यांना जमते त्यांनी एखाद्या उद्यानात चार-सहा जणांसह जमावे; ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी गटात वेळ ठरवावी. रेअर कँडी सरसकट न वापरता, ज्या लेजेंडरीची कँडी दुसऱ्या मार्गाने मिळत नाही तिच्यासाठीच ठेवावी.

हातातल्या यंत्रांवरील बॅटल पॉइंट

जुन्या पिढीतील खेळाडूंना हे चलन ‘पोकेमॉन एमराल्ड’मुळे माहीत आहे. हा खेळ जपानमध्ये सप्टेंबर २००४ मध्ये आला आणि त्याच्या बॅटल फ्रंटियरमध्ये सात वेगवेगळी आखाडे-घरे होती. बॅटल टॉवरमध्ये सात लढतींची एक फेरी पूर्ण केली की गुण मिळत. मध्येच हरले तर सलग विजयांची संख्या शून्यावर येई, पण आधी जमलेले गुण शाबूत राहत. टॉवरची प्रमुख अनाबेल ३५ व्या आणि पुन्हा ७० व्या सलग लढतीला समोर येते. दुकानात लेफ्टओव्हर्स ४८ गुणांना आणि चॉइस बँड ६४ गुणांना मिळे. तेथे माझा सल्ला आधी लेफ्टओव्हर्स घेण्याचा आहे: हा पदार्थ धरलेला प्राणी लढतीतील प्रत्येक पाळीत थोडे आयुष्य परत मिळवतो, आणि सलग विजयांची साखळी लांबवण्यासाठी एका जोरदार फटक्यापेक्षा टिकून राहणेच जास्त कामी येते. सिनोह प्रदेशाच्या खेळांमध्ये (‘डायमंड’, ‘पर्ल’ वगैरे) टॉवरचा प्रमुख पामर २१ व्या आणि ४९ व्या लढतीला येतो. तिथे १६ गुणांना मिळणाऱ्या ‘पॉवर’ वस्तूंपासून सुरुवात करावी, कारण त्यांनी पुढचे सगळे प्राणी वेगाने घडवता येतात.

‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या २०१९ च्या खेळांत स्वभाव बदलणारी पुदिना-पाने ५० गुणांना आणि प्राण्याची जन्मजात क्षमता कमाल करणारी बॉटल कॅप २५ गुणांना मिळते. तिथे टॉवरमध्ये तयार संघ भाड्याने घेण्याची सोय आहे, आणि स्वतःचा संघ तयार नसलेल्याने सुरुवातीचे टप्पे तिच्याच आधारे पार करावेत. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या २०२२ च्या खेळांत हेच सामान नेहमीच्या पैशांनी घेता येते: पुदिना-पान किंवा बॉटल कॅप २०,००० ला, आणि प्राण्याचा खास गुण बदलणारी अ‍ॅबिलिटी कॅप्सूल १,००,००० ला. तिथे टेरा रेडमधून लीग पॉइंट मिळतात, आणि पोकेमॉन सेंटरमधील खरेदीला ते पैशांऐवजी चालतात. तेव्हा चेंडू-औषधांसारखी रोजची खरेदी लीग पॉइंटवर भागवावी आणि अकॅडमी एस स्पर्धेतून जिंकलेले रोख पैसे कॅप्सूल आणि पुदिना-पानांसाठी बाजूला ठेवावेत.